मीठ पडेपर्यंत

मी मिठाचं घड्याळ बोलतोय. नीट बोलता येईल याची खात्री देत नाही, कारण माझ्या गळ्यात अधूनमधून खडा अडकतो. मध्येच थांबलो तर रागावू नका. काचेवर टिचकी मात्र मारू नका. ती का नको, ते पुढे कळेल.

वाळूची घड्याळं तुम्ही पाहिली असतील. माझ्या पोटात वाळू नाही. ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरातलं मीठ आहे, वाटून, चाळून, तव्यावर भाजून भरलेलं. प्रयोगशाळेतले दोन छोटे चंबू तोंडाला तोंड लावून ठेवले, मध्ये भोक पाडलेलं बूच बसवलं, वरून लाख ओतली. भिवा सुताराने दोन्ही बाजूंना लाकडी बैठक ठोकली. मी तयार झालो तो दिवस एकोणीसशे चौऱ्याण्णव सालच्या एप्रिलमधला.

मला बनवलं दामाजी सरांनी. ठाकुर्ली स्टेशनापलीकडच्या त्यांच्या गावात सगळे त्यांना सरच म्हणत, बायकोसुद्धा कधीकधी, चिडली की. त्यांचे वडील मिठागरावर राबले, आई आवडाबाईने डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिल्या, आणि मुलगा रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवून कल्याणच्या कॉलेजात तीस वर्षं शिकवत राहिला. एवढं शिकून माणूस निर्धास्त व्हायला हवा. सर झाले नव्हते. मी अर्ध्या तासात रिकामा होतो की नाही, हे त्यांनी मनगटावरच्या घड्याळाशी सात वेळा ताडून पाहिलं. एकदा वीस सेकंद जास्त लागले, तर लाख फोडून, बूच काढून चिमूटभर मीठ कमी केलं आणि पुन्हा लाख ओतली; तिला केसाएवढी चीर राहिली, ती त्यांना दिसली नाही. मग रात्री जेवताना ते ठमाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, म्हणाले की चिमूट बहुतेक मोठी झाली.

ठमाबाईंनी मला उचलून उजेडात धरलं. त्याही मिठागरवाल्यांचीच लेक. त्या म्हणाल्या, "ही वालू नाय, मीठ हाय. आभाल भरला का रडाला लागंल."

सरांनी ते ऐकलं आणि हसून सोडून दिलं. मीठ भाजलंय, लाख लावलीय, हवा जायला वाट नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. रसायनशास्त्र त्यांच्या बाजूने होतं. मला मात्र तेव्हापासूनच धाकधूक होती.

आता मला बनवलं कशासाठी, ते सांगतो.

सरांची नात शालू, वय वर्षं नऊ, सुट्टीत आजी-आजोबांकडे आली होती. तिचे आईवडील, हेमा आणि चंदू, दोघंही नोकरीला. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये पोरीला दिवसभर एकटी ठेवणार कशी? सरांच्या घरी आदल्या दिवाळीत चंदूने रंगीत टीव्ही आणून ठेवला होता, आणि दौलत केबलवाल्याने शेजारच्या गच्चीवरून वायर ओढून बारा चॅनल सुरू करून दिले होते. शालू सकाळी दूध पिऊन टीव्हीपुढे बसायची ती अंधार पडला तरी उठायची नाही. जेवण तिथेच, डुलकी तिथेच. हाक मारली की "हं" म्हणायची, आणि त्या "हं"मध्ये ती नसायची. टीव्हीवर काहीही चालायचं तिला. गाणी चालायची, न समजणाऱ्या भाषेतल्या बातम्याही चालायच्या.

सगळ्या घरांत हेच चाललं होतं, मग सर एवढे कासावीस का झाले? कारण त्यांच्याकडे एकच सुट्टी होती. गळ्यात गाठ निघाली होती. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की जीव वाचेल, पण आवाजाची पेटी काढावी लागेल. ऑपरेशनची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली. त्यानंतर सर बोलू शकणार नव्हते. कधीच नाही.

तीस वर्षं त्यांनी परक्या मुलांशी बोलण्यात घालवली होती. चंदू लहान असताना संध्याकाळी ते उद्याचं व्याख्यान काढत बसायचे. आपली आई मिठागरावर कशी चालायची, पहिल्यांदा शाळेत जाताना पायात काय होतं, हे त्यांनी मुलाला कधी सांगितलं नाही. आता सांगायचं होतं. ऐकणारी एकच होती, आणि ती टीव्हीपुढे बसलेली होती.

तिला ऑपरेशनचं कोणी सांगायचं नाही, असं त्यांनी घरात सगळ्यांना बजावलं. तिने दया म्हणून आपलं ऐकू नये, असं ते म्हणाले. हे बरोबर होतं का? मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर एका संध्याकाळी सरांनी मला टीव्हीवर ठेवलं आणि शालूला नियम सांगितला. दिवसभर टीव्ही बंद. पाच वाजता मला उलटं करायचं आणि टीव्ही लावायचा. मीठ पडलं की टीव्ही बंद, आणि मग जेवणापर्यंत आजोबांचं ऐकायचं. मीठ पडत असताना मला कोणी हात लावायचा नाही. हलवायचं नाही, टिचकी मारायची नाही.

शालू रडली, पाय आपटले, आईला फोन लावायला निघाली. मग थांबली. पोरगी हुशार होती. तिने विचारलं, "आणि मीठ पडलंच नसेल, तर तुम्ही मध्येच बंद नाही ना करणार? तुम्ही मोठे लोक करता."

"नाही करणार."

"प्रॉमिस?"

सरांनी ठमाबाईंकडून मिठाचा डबा मागवला. त्यांच्या घराण्यात मिठावर हात ठेवून दिलेला शब्द मोडत नसत. ज्याच्यावर पोट भरलं त्याच्यावर खोटं बोलायचं नाही, इतका साधा तो रिवाज. सगळे नियम दोघांनाही लागू, असं म्हणून सरांनी आपला हात मिठात ठेवला, मग शालूचा ठेवायला लावला. ठमाबाई दारात उभ्या होत्या. त्या नवऱ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू त्यांनी घर गहाण ठेवलं होतं.

सुरुवातीचे दिवस मी चोख चाललो. पाचला उलटा, साडेपाचला रिकामा. शालू टीव्ही बंद करून सरांपुढे बसायची आणि फरशा मोजायची. मला वाटतं दोष थोडा सरांचाही होता. ते गोष्ट सांगायला बसत आणि व्याख्यान देऊ लागत. मिठागराचे प्रकार, भरतीचं पाणी, क्षारांचं प्रमाण. मुलीला जांभई आली की ते घाबरून आणखी भरभर बोलत, आणि भरभर बोलल्याने घसा बसे. सकाळी गच्चीवर माझ्यासमोर बसून ते संध्याकाळच्या बोलण्याची तयारी करायचे. एवढा शिकलेला माणूस नऊ वर्षांच्या पोरीला भिऊन उजळणी करतोय, हे मी काचेतून बघायचो.

मग एके दिवशी ते आईबद्दल बोलत होते. आवडाबाई मिठात अनवाणी चालायची, तळपायांना भेगा पडायच्या. शालूने फरशीवरून मान वर केली. "भेगांमध्ये मीठ गेलं की चुरचुरायचं नाही?"

सरांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग म्हणाले, "चुरचुरायचं. ती घरी आली की मी तिचे पाय धुवायचो. तुझ्याएवढाच होतो."

त्या दिवशी जेवणाची हाक आली तरी शालू उठली नाही. तिने विचारलं, मीठ ओलं का होतं, डब्यात ठेवलं तरी? सरांनी सांगितलं की मिठागरातल्या मिठात दुसरेही क्षार असतात, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. फट केसाएवढी असली तरी पुरते. आई म्हणायची, मिठाला तहान लागते. शालू हे ऐकताना माझ्याकडे बघत होती. मला ते खूप आवडलं. इतका मूर्ख मी.

त्यानंतर मे महिना मध्यावर आला. दुपारी अंगाला कपडे चिकटायला लागले. एका संध्याकाळी साडेपाच झाले तरी माझ्या वरच्या पोटात मीठ शिल्लक होतं. पावणेसहाला संपलं. दुसऱ्या दिवशी सहा वाजले. तिसऱ्या दिवशी मी मध्येच थांबलो.

थांबणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगून कळणार नाही. वरून भार येतो, खाली मोकळी जागा दिसते, आणि गळ्यात एक गोळा बसलेला असतो. मला पडायचं होतं. समोर सर खुर्चीत बसले होते, मनगटावरच्या घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत. टीव्हीवर कोणी तरी बक्षिसाचं खोकं उघडत होतं. शालू म्हणाली, "आजोबा, मीठ आहे अजून," आणि सर म्हणाले, "आहे, बाळ." त्या दिवशी जेवणाची वेळ झाली तेव्हा मी सुटलो. सरांच्या वाट्याला एक शब्दही आला नाही.

मग ते रोज सकाळी मला गच्चीवर उन्हात ठेवू लागले. मी सुकायचो, दुपारी खडखडीत होऊन खाली यायचो, आणि संध्याकाळी पुन्हा अडकायचो. सरांना याचा उलगडा होईना. ठमाबाईंनी एकदा मला तापल्या तव्याजवळ धरलं, तर गळ्याची लाख मऊ होऊन आणखी चिरली. त्या म्हणाल्या, वाळू भरा नाहीतर नियम मोडा, पोरीला काय कळतंय. सर म्हणाले, नेमकं तेच कळतं. मोठ्यांना गैरसोय झाली की शब्द बदलतो, हे एकदा कळलं की पुढे मी काहीही सांगितलं तरी ती कशाला ऐकेल?

एका सकाळी गच्चीवर ते मला हातात घेऊन बसले होते. आवाज तोवर घोगरा झाला होता. शालूला सर्दी म्हणून सांगितलं होतं. ते माझ्याशीच बोलले असावेत, कारण तिथे दुसरं कोणी नव्हतं. "मी रसायनशास्त्राचा डॉक्टर," ते म्हणाले, "आणि मला मूठभर मीठ सुकवता येत नाही."

मला सगळं माहीत होतं. दुपारी आजी-आजोबांचा डोळा लागला की शालू स्टुलावर चढून मला खाली काढायची आणि स्वयंपाकघरात माठाशेजारी नेऊन ठेवायची. माठाभोवतीचं ओलं फडकं माझ्या गळ्याला गुंडाळायची, बरोबर लाखेच्या चिरेवर. चहाच्या आधी मला पुसून पुन्हा जागेवर. नियम तिने मोडला नव्हता. मीठ पडत असताना हात लावायचा नाही, एवढंच ठरलं होतं. मला जीभ असती तर मी ओरडलो असतो. की नसतो? खरं सांगतो, ते गार फडकं उन्हानंतर मला बरं वाटायचं.

असे सोळा दिवस गेले. सोळा संध्याकाळी.

जूनमधला तो रविवार आला. दुसऱ्या दिवशी सकाळी चंदू टॅक्सी घेऊन येणार होता. सरांची पिशवी भरून पलंगाखाली ठेवलेली होती. पाच वाजता शालूने मला उलटं केलं. मीठ पाव हिस्सा पडलं आणि थांबलं.

साडेपाच. सहा. सर खुर्चीत ताठ बसले होते. ओठ हलत होते. उजळणी चालू असावी. साडेसहाला त्यांनी ओठ हलवायचे थांबवले. मी काय काय करून पाहिलं म्हणून सांगू. टीव्हीचा आवाज वाढला की माझी बैठक थोडी थरथरते, त्या थरथरीवर मी जीव एकवटला. एक कणी सुटली. एकच.

पावणेसातला ठमाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि थेट टीव्हीच्या बटणाकडे निघाल्या. सरांनी उठून त्यांचा हात धरला.

"नको," ते म्हणाले. "शब्द दिलाय."

ठमाबाईंनी हात सोडवून घेतला. "उद्या दाक्तर तुमचा गला कापनार, आवाज काढून घेनार. आन तुमी मिठाचा सबद धरून बसलाव?"

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की खोलीत आणखी कोणी तरी आहे. त्यांनी तोंडावर पदर धरला. टीव्हीवर लोक टाळ्या वाजवत होते.

शालूने उठून टीव्ही बंद केला. मला हात लावला नाही. विचारलं, "गळा कापणार म्हणजे?"

सरांनी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. घशात काय असतं, आवाज कुठून निघतो, काय काढणार, नंतर श्वास कुठून घेणार. एकदाही घाई केली नाही. मी ऐकलेलं त्यांचं ते सगळ्यात चांगलं व्याख्यान. शालू रडत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"मी केलं ते," ती म्हणाली.

"काय केलंस?"

"मीठ. मी ओलं करायचे. माठाचं फडकं लावून. तिथे फट आहे, केसाएवढी."

ठमाबाई चमकल्या. सर मात्र पुढे झुकले. "हे तुला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच. मिठागरातल्या मिठात दुसरेपण क्षार असतात, ते हवेतलं पाणी ओढून घेतात. मिठाला तहान लागते, तुमची आई म्हणायची." तिने नाक पुसलं. "मला वाटलं, सुट्टी खूप आहे."

सरांच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मी घाबरलो. मग कळलं की ते हसत आहेत. सोळा दिवस ते स्वतःला विचारत होते की आपलं काही त्या पोरीच्या कानात गेलं का. आणि तिने तर त्यांचंच बोलणं शब्दाशब्दाने वापरून त्यांना हरवलं होतं.

"आणखी काय आठवतं?" त्यांनी विचारलं.

ती सांगू लागली. आवडाबाईचे पाय. शाळेच्या वाटेवरचा चिखल. भरतीचं पाणी अडवायची दारं कशी उघडतात. ज्या दिवशी ती फरशा मोजत होती असं आम्हा दोघांना वाटलं होतं, त्या दिवशीचंसुद्धा. सरांनी रात्रंदिवस तयार करून ठेवलेलं सगळं बोलणं तसंच राहिलं. त्यांनी काही सांगितलं नाही. ती थांबली की ते फक्त म्हणायचे, "पुढे?"

त्यांच्या स्वतःच्या आवाजातला तो शेवटचा शब्द मी ऐकला. सकाळी टॅक्सी आली तेव्हा सगळेच गप्प होते. मी टीव्हीवर अडकलेलाच होतो.

याला पाच वर्षं झाली. सर आहेत. गळ्याला एक भोक आहे, त्यावर पातळ फडकं असतं. सुरुवातीला ते पाटीवर लिहून बोलायचे. पण माणसांचं एक पाहिलंय मी: मुक्या माणसाशी ती मोठ्याने बोलतात, जणू तो बहिरा आहे, आणि त्याचं लिहून व्हायच्या आत उत्तर देऊन निघून जातात. हळूहळू सरांनी पाटी माळ्यावर टाकली. आता ते सकाळी चहा घेऊन टीव्हीपुढे बसतात ते अंधार पडला तरी उठत नाहीत. हाक मारली की मान हलवतात, आणि त्या हलण्यात ते नसतात. मला हे बघवत नाही, आणि मी तर टीव्हीवरच बसलेला. ठमाबाईंनी भांडून पाहिलं, मग सोडून दिलं.

शालू आता चौदाची आहे. सुट्टी लागली की येते. आल्या दिवशीच मला गच्चीवर नेऊन उन्हात ठेवते, लाखेच्या चिरेवर मेण लावते. पाच वाजता मला उलटं करून म्हणते, "मीठ पडेपर्यंत हं, आजोबा. मग माझं ऐकायचं." आणि ऐकवते. शाळेतलं, मैत्रिणींचं, आणि कधी आवडाबाईचंही, जे आता या घरात फक्त तिलाच बोलता येतं.

पण मी म्हातारा झालोय. बूच कुजत चाललंय. माझ्यातलं मीठ एक दिवस दगड होईल, आणि हा माणूस शब्द पाळत टीव्हीपुढे बसून राहील, ही भीती मला झोपू देत नाही.

परवा तेच झालं. आभाळ भरलेलं, पाच वाजून गेलेले, शालू आत आजीला भाकऱ्या थापू लागत होती. मी अर्ध्यावर थांबलो. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग खुर्चीतून उठून आले, आणि आयुष्यात मिठावर दिलेला एकच शब्द त्यांनी मोडला. वाकलेल्या बोटाच्या नखाने माझ्या काचेवर टिचकी मारली. एकदा, मग आणखी एकदा जोरात.

गोळा फुटला. मीठ धो धो पडलं. सरांनी स्वतःच्या हाताने टीव्ही बंद केला आणि पिठाच्या हातांनी बाहेर आलेल्या नातीसमोर जाऊन बसले. आवाज नव्हता. ओठ मात्र मला ओळखता आले. पुढे?

काचेवर टिचकी मारू नका, असं सुरुवातीला म्हणालो होतो. ते मागे घेतो. मी अडकलेला दिसलो, तर मारा. माझ्यासाठी थांबू नका.